वास्तववादाचा उदय आणि साक्षीचा प्रश्न : एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन कथासाहित्य

१

वास्तववाद ही संज्ञा मराठी समीक्षेत आणि विशेषतः अध्यापनात ‘जीवनाचे यथातथ्य चित्रण’ अशा अर्थाने वापरली जाते. ही व्याख्या सोयीची आहे. परंतु तिच्यामुळे दोन प्रश्न अनुत्तरित राहतात. हे जीवन कोणाचे, हा पहिला प्रश्न. आणि ते यथातथ्य उतरले आहे याची ग्वाही कोणी द्यावयाची, हा दुसरा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन कथासाहित्यात वास्तववादाचा जो उदय झाला, त्याचा अभ्यास या दोन प्रश्नांच्या संदर्भात उद्बोधक ठरतो. तेथे वास्तववाद एखाद्या जाहीरनाम्यातून अवतरला नाही. एका भीषण यादवी युद्धानंतर, मासिकांच्या पानांवर, परस्परांहून अगदी भिन्न प्रकृतीच्या लेखकांच्या लेखनातून तो आकाराला आला. या लेखकांना एकत्र आणणारे सूत्र वर्णनतंत्रापेक्षा अधिक खोल आहे. कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा, म्हणजेच साहित्यात कोणाची साक्ष ग्राह्य मानावयाची, हा त्या साऱ्यांपुढील समान प्रश्न होता. प्रस्तुत लेखात या दृष्टीने अमेरिकन वास्तववादाच्या उदयाचा आणि त्याच्या मर्यादांचा विचार करावयाचा आहे.

२

यादवी युद्धापूर्वीच्या अमेरिकन कथासाहित्याची वाङ्मयीन भूमिका नॅथॅनियल हॉथॉर्नने ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ (१८५१) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्पष्ट केली आहे. तेथे तो ‘रोमान्स’ आणि ‘नॉव्हेल’ असे दोन प्रकार वेगळे करतो. नॉव्हेलवर मानवी अनुभवातील संभाव्यतेशी काटेकोर इमान राखण्याचे बंधन असते. रोमान्सच्या लेखकाला मात्र मानवी अंतःकरणाच्या सत्याशी प्रामाणिक राहून परिस्थितीची मांडणी, छायाप्रकाशाची योजना आपल्या इच्छेनुसार करता येते. हॉथॉर्नने हे दुसरे स्वातंत्र्य आपल्यासाठी मागून घेतले. ‘मोबी डिक’ (१८५१) लिहिणारा मेल्व्हिल जहाजावरील व्यवसायाची बारीकसारीक माहिती देतो. पण त्याचीही कल्पकता प्रतीकाकडे आणि तत्त्वचिंतनाकडे झेपावते. या परंपरेत लेखकाची दृष्टी हेच सत्याचे अधिष्ठान होते. त्याला अन्य साक्षीदाराची गरज भासत नव्हती.

या अधिष्ठानाला पहिला तडा युद्धापूर्वीच गेला होता, ही गोष्ट अनेकदा दुर्लक्षिली जाते. एप्रिल १८६१ मध्ये, म्हणजे ज्या महिन्यात युद्धास तोंड फुटले त्याच महिन्यात, ‘अटलांटिक मंथली’ या बॉस्टनच्या मासिकात ‘लाइफ इन द आयर्न मिल्स’ ही दीर्घकथा निनावी प्रसिद्ध झाली. तिची लेखिका रिबेका हार्डिंग डेव्हिस ही लोखंडाच्या कारखान्यांच्या व्हीलिंग या गावी राहणारी. कथेचा नायक ह्यू वुल्फ हा वेल्समधून आलेला, भट्टीवर राबणारा मजूर. लोखंड गाळल्यावर उरणाऱ्या टाकाऊ पदार्थातून तो फावल्या वेळी एक स्त्रीमूर्ती घडवतो. कारखाना पाहण्यास आलेली प्रतिष्ठित मंडळी त्या मूर्तीचा अर्थ लावू पाहतात, आपापसांत वाद घालतात आणि निघून जातात. मूर्ती काय मागते आहे हे तिच्या निर्मात्यालाही नीट सांगता येत नाही. चोरीच्या आरोपावरून वुल्फला शिक्षा होते आणि तुरुंगात तो स्वतःचा अंत करून घेतो. कथेची निवेदक व्यक्ती वाचकाला नीटनेटक्या कपड्यांची पर्वा न करता धुरात आणि चिखलात उतरण्याचे आवाहन करते. श्रमिकाच्या जीवनाचे चित्र काढणे शक्य आहे. परंतु त्याचे म्हणणे त्याच्याच भाषेत ऐकता येईल काय, हा पुढील चाळीस वर्षांचा प्रश्न या कथेत प्रथम उभा राहिलेला दिसतो.

१८६१ ते १८६५ या काळातील युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले आणि सुमारे ४० लाख गुलामांची मुक्तता झाली. शौर्य, त्याग, गौरव या शब्दांचा जुना अर्थ या अनुभवापुढे टिकणे कठीण होते. उत्तरेच्या सैन्यात अधिकारी असलेल्या जॉन विल्यम डी फॉरेस्टने ‘मिस रॅव्हेनेल्स कन्व्हर्शन फ्रॉम सेसेशन टू लॉयल्टी’ (१८६७) या कादंबरीत रणांगणाचे आणि सैनिकी रुग्णालयाचे जे चित्रण केले, त्यात अलंकरण जवळजवळ नाही. १८६८ च्या जानेवारीत ‘द नेशन’ या साप्ताहिकातील लेखात त्याने सामान्य अमेरिकन जीवनातील भावना आणि रीतिरिवाज यांचे चित्र देणाऱ्या ‘थोर अमेरिकन कादंबरी’ची अपेक्षा मांडली. हॉथॉर्नची पात्रे त्याला या भूमीवरील वाटत नव्हती. डी फॉरेस्टच्या कादंबरीला मात्र वाचक लाभले नाहीत. वास्तवाचा अनुभव होता, तो सांगणारा लेखकही होता. अभाव होता तो ऐकणाऱ्या समाजाचा.

३

हा वाचक घडविण्याचे कार्य मासिकांनी केले. त्यामागे वाङ्मयीन कारणांइतकेच व्यावहारिक कारणही होते. १८९१ च्या कायद्यापूर्वी अमेरिकेत परकीय लेखकांच्या ग्रंथांना स्वामित्वहक्काचे संरक्षण नव्हते. परिणामी ब्रिटिश कादंबऱ्या मानधन न देता छापून स्वस्तात विकल्या जात. या स्पर्धेत अमेरिकन कादंबरीकाराला स्थिर उत्पन्न मिळण्याचे प्रमुख साधन म्हणजे मासिकातील क्रमशः प्रकाशन. साहजिकच देशी विषय, देशी प्रदेश आणि देशी बोली यांना मासिकांत मागणी निर्माण झाली. कॅलिफोर्नियातील खाण कामगारांच्या वस्तीवरील ब्रेट हार्टची ‘द लक ऑफ रोअरिंग कॅम्प’ (१८६८), न्यू ऑर्लीन्सच्या जीवनावरील जॉर्ज वॉशिंग्टन केबलच्या ‘ओल्ड क्रिओल डेज’ (१८७९) मधील कथा, न्यू इंग्लंडच्या गावांवरील सारा ऑर्न ज्युएट आणि मेरी विल्किन्स फ्रीमन यांचे लेखन, या साऱ्या प्रादेशिक कथांचा प्रवाह मासिकांच्या आश्रयाने वाढला.

या घडामोडीच्या केंद्रस्थानी विल्यम डीन हॉवेल्स (१८३७–१९२०) होता. ओहायोतील एका मुद्रकाचा हा मुलगा. औपचारिक शिक्षण अल्प. जे मिळविले ते छापखान्यात खिळे जुळविता जुळविता. १८६६ मध्ये तो ‘अटलांटिक मंथली’चा साहाय्यक संपादक झाला आणि १८७१ ते १८८१ या काळात संपादक होता. त्याचे एक संपादकीय कृत्य येथे विशेष महत्त्वाचे आहे. नोव्हेंबर १८७४ च्या अंकात त्याने मार्क ट्वेनची ‘अ ट्रू स्टोरी’ ही छोटी कथा छापली. आपण ऐकली तशी शब्दशः दिलेली गोष्ट, असे तिच्या उपशीर्षकातच सांगितले आहे. घरात काम करणाऱ्या वृद्ध कृष्णवर्णीय स्त्रीला तिचा गोरा मालक सहज विचारतो की, साठ वर्षांच्या आयुष्यात तिला कधी दुःख कसे झाले नाही. त्यावर ती लिलावात आपली मुले आपल्यापासून कशी तोडली गेली आणि सर्वांत धाकटा मुलगा युद्धकाळात पुन्हा कसा भेटला, हे आपल्या बोलीत सांगते. सांगता सांगता ती उभी राहते. कथेच्या आरंभी खालच्या पायरीवर बसलेली ही स्त्री आता ऐकणाऱ्यांच्या वर उंच दिसू लागते. शेवटी मालकाच्या भाष्याला जागाच उरत नाही. ज्याची भाषा आजवर केवळ विनोदासाठी वापरली गेली, त्याची साक्ष येथे प्रमाण ठरते. अमेरिकन वास्तववादाची दिशा या काही पानांत सूचित झाली आहे.

४

न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘द सेंच्युरी’ या मासिकाचा फेब्रुवारी १८८५ चा अंक या संदर्भात अभ्यसनीय आहे. रिचर्ड वॉटसन गिल्डर संपादित या एकाच अंकात हॉवेल्सच्या ‘द राइज ऑफ सायलस लॅफम’चा हप्ता, हेन्री जेम्सच्या ‘द बॉस्टोनियन्स’चा पहिला हप्ता आणि ट्वेनच्या ‘ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबेरी फिन’मधील उतारा होता. त्यांच्या जोडीला युद्धविषयक लेखमालेतील शायलोच्या लढाईवरील लेख होता. तो माजी सेनापती आणि माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांचा. या लेखमालेने मासिकाचा खप दोन लाखांच्या पुढे नेला. ग्रँट यांचा मूळ मसुदा सरकारी अहवालासारखा कोरडा होता. तेव्हा त्यांनी स्वतः काय पाहिले आणि त्या क्षणी त्यांना काय वाटले ते लिहावे, असा आग्रह उपसंपादक रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन यांनी धरला आणि लेख नव्याने लिहिला गेला. अहवालाकडून साक्षीकडे झालेला हा प्रवास त्याच अंकातील तिन्ही कादंबऱ्यांतही आढळतो. मात्र तिघांच्या वाटा वेगळ्या आहेत.

हॉवेल्सची वाट नैतिक आहे. सायलस लॅफम हा व्हरमाँटच्या खेड्यातून आलेला, रंगाच्या धंद्यात श्रीमंत झालेला, बॉस्टनच्या प्रतिष्ठित वस्तीत घर बांधू पाहणारा गृहस्थ. कादंबरीचा आरंभच एका वार्ताहराने घेतलेल्या त्याच्या मुलाखतीने होतो. लॅफम मनापासून बोलतो आणि वार्ताहर त्याच्या बोलण्याचे ठरीव साच्याचे चरित्र बनवितो. साक्ष आणि तिचे विपरीत रूप यांतील अंतर वाचकाला पहिल्याच प्रकरणात दिसते. पुढे एका भोजनप्रसंगी त्याग आणि अश्रू यांनी ओथंबलेल्या एका लोकप्रिय कादंबरीची चर्चा निघते. अशा कादंबऱ्या माणसांना खोट्या त्यागाची गोडी लावतात, हे धर्मोपदेशक सीवेलचे मत तेव्हा केवळ चर्चेपुरते वाटते. परंतु लॅफमच्या एका मुलीला, पेनेलपीला, ज्याच्यावर बहिणीचे प्रेम आहे त्याच तरुणाकडून मागणी येते. त्या कादंबऱ्यांच्या नायिकेप्रमाणे ती त्याग करू पाहते. त्याने तिघांचेही आयुष्य उद्ध्वस्त होईल. तीन जणांनी दुःख भोगण्यापेक्षा एकाने भोगावे, हा सीवेलचा साधा हिशेब तिला वाचवितो. वाईट कादंबरी जिवंत माणसांचे नुकसान करते, ही हॉवेल्सची ठाम श्रद्धा होती. म्हणूनच ‘क्रिटिसिझम अँड फिक्शन’ (१८९१) मध्ये तो पुठ्ठ्याच्या सुबक, ‘आदर्श’ नाकतोड्यापेक्षा गवतातील खराखुरा नाकतोडा श्रेष्ठ मानतो. त्याच्या दृष्टीने वास्तववाद म्हणजे सामान्य माणसाला न्याय देणारी लोकशाहीची वाङ्मयीन बाजू होय.

हेन्री जेम्सची (१८४३–१९१६) वाट जाणिवेची आहे. सप्टेंबर १८८४ मध्ये लिहिलेल्या ‘द आर्ट ऑफ फिक्शन’ या निबंधात त्याने वॉल्टर बेझंटच्या नियमबद्ध कादंबरीकल्पनेला उत्तर दिले. कादंबरी ही जीवनाची वैयक्तिक, प्रत्यक्ष छाप असून तिचे मोल त्या छापेच्या उत्कटतेवर अवलंबून असते, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. जेम्सच्या लेखी अनुभव म्हणजे घटनांची रास नसून संवेदनशील मनावर उमटणारे सूक्ष्म ठसे होत. ‘द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी’ (१८८१) च्या ४२ व्या प्रकरणात इझाबेल रात्रभर शेकोटीपुढे बसून राहते. बाह्यतः काहीच घडत नाही. पण आपला विवाह म्हणजे काय आहे, हे तिला त्या रात्री उमगते. कादंबरीतील सर्वांत मोठी ‘घटना’ म्हणजे हे उमगणे. ‘द बॉस्टोनियन्स’मध्ये साक्षीचा प्रश्न अधिक उघडपणे येतो. व्हेरिना टॅरंट ही स्त्रीहक्कांवर बोलणारी तरुण वक्ती आहे. परंतु तिच्या वाणीवर कधी वडिलांचा, कधी ऑलिव्ह चॅन्सलरचा, तर अखेर दक्षिणेचा माजी सैनिक बेझिल रॅन्समचा हक्क चालतो. सभेत घुमणारा आवाज तिचा. त्याचा मालक मात्र दुसराच. प्रत्येकाची साक्ष त्याच्या दृष्टिकोनाने बांधलेली असते, हे जेम्सने ओळखले. या ओळखीतूनच पुढे दृष्टिकोनविषयक कथनमीमांसा विकसित झाली.

ट्वेनची (१८३५–१९१०) वाट भाषेची आहे. ‘हकलबेरी फिन’च्या प्रारंभीच्या टिपणात तो वाचकाला बजावतो की, पुस्तकातील निरनिराळ्या बोली अंदाजाने नव्हे तर जाणकारीने आणि कष्टाने योजलेल्या आहेत. पूर्वीच्या प्रादेशिक कथांत निवेदक प्रमाणभाषेत बोले आणि पात्रे बोलीत. बोलीभोवती अदृश्य अवतरणचिन्हे असत. ट्वेनने ही चौकट काढून टाकली. शाळेची फारशी गोडी नसलेला, मद्यपी बापाचा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा येथे सर्वस्वी निवेदक आहे. ज्या समाजाने त्याला घडविले, त्याच समाजाची नीती त्याच्या शब्दांतही आहे. ३१ व्या प्रकरणात पळालेल्या जिमचा ठावठिकाणा कळविणारे पत्र तो लिहितो आणि फाडून टाकतो, तेव्हा आपण पुण्य करीत आहोत असे त्याला वाटत नाही. आपण पाप करीत आहोत आणि त्यासाठी नरकात जाऊ, अशीच त्याची खात्री असते. शिकविलेली भाषा आणि भोगलेला अनुभव यांतील हा विसंवाद वाचकाला कोणी समजावून देत नाही; तो त्याने स्वतःच ऐकावयाचा आहे. रोमान्सविषयीचे भाष्यही असेच कृतीतून येते. फुटलेल्या आगबोटीचे नाव ‘वॉल्टर स्कॉट’ असते. आणि शेवटी टॉम सॉयर पुस्तकांतील साहसांच्या नमुन्यावर जिमच्या सुटकेचा खेळ मांडतो. जिम आधीच कायद्याने मुक्त झालेला आहे हे टॉमला ठाऊक असते. एका माणसाच्या वेदनेवर दुसऱ्याचे अद्भुतरम्य मनोरंजन उभे राहते. मार्च १८८५ मध्ये कॉन्कर्ड येथील सार्वजनिक ग्रंथालयाने हे पुस्तक असंस्कृत ठरवून वर्ज्य केले. आक्षेपाचा रोख मुख्यत्वे त्याच्या भाषेवर आणि ग्राम्यतेवर होता, ही बाब लक्षणीय आहे.

५

या तिन्ही वाटांचे श्रेय मान्य करूनही त्यांच्या मर्यादांचा विचार केल्यावाचून विवेचन पूर्ण होत नाही. पहिली मर्यादा मासिकाच्या वाचकवर्गाची. ज्या ‘सेंच्युरी’ने वास्तववादाला व्यासपीठ दिले, त्याच्याच संपादकाने ट्वेनच्या उताऱ्यांतील काही भाग अभिरुचीला न मानवणारा म्हणून गाळला. ‘सायलस लॅफम’मध्ये श्रीमंतांच्या रिकाम्या घरांच्या संदर्भात डायनामाइटचा उल्लेख होता, तोही संपादकीय आग्रहामुळे बदलावा लागला. वास्तव किती सांगावयाचे, हे मध्यमवर्गीय बैठकीच्या खोलीत ठरत होते.

दुसरी मर्यादा ‘सामान्य’ या कल्पनेची. १८८६ मध्ये हॉवेल्सने दस्तयेव्हस्कीविषयी लिहिताना, अमेरिकन जीवनाची प्रसन्न अंगेच अधिक प्रातिनिधिक आहेत असे मत मांडले. त्याच वर्षी शिकागोच्या हेमार्केट चौकात बाँबस्फोट झाला. त्यानंतरच्या खटल्यात कामगार चळवळीतील अराजकवादी कार्यकर्त्यांना पुरेशा पुराव्यावाचून देहान्त शिक्षा झाली. नोव्हेंबर १८८७ मध्ये हॉवेल्सने वृत्तपत्रातून त्यांच्यासाठी दयेची जाहीर याचना केली. प्रतिष्ठित साहित्यिकांत तो जवळजवळ एकाकी होता. चौघांना फाशी झाली. ‘अ हॅझर्ड ऑफ न्यू फॉर्च्युन्स’ (१८९०) मध्ये न्यूयॉर्कमधील संप, दारिद्र्य आणि वर्गविग्रह यांचे जे व्यापक चित्र आहे, त्यामागे हा अनुभव आहे. आपल्या सिद्धान्ताला स्वतःच्या विवेकाची साक्ष विरोधी जाते तेव्हा सिद्धान्त रुंदावण्याचे धैर्य हॉवेल्सने दाखविले, हे त्याचे मोठेपण होय.

परंतु वर्णाच्या प्रश्नावर हे धैर्य पुरे पडले नाही. चार्ल्स चेस्नट (१८५८–१९३२) या आफ्रिकन-अमेरिकन लेखकाची ‘द गूफर्ड ग्रेपव्हाइन’ ही कथा ऑगस्ट १८८७ च्या ‘अटलांटिक’मध्ये आली, पुढे ती ‘द कॉन्जुअर वुमन’ (१८९९) या संग्रहात समाविष्ट झाली. या संग्रहाची रचना मार्मिक आहे. उत्तरेकडून आलेला जॉन हा गोरा मळेमालक प्रमाणभाषेत बाहेरचे निवेदन करतो. आत वृद्ध ज्यूलियस आपल्या बोलीत जादूटोण्याच्या गोष्टी सांगतो. जॉन तर्कनिष्ठ आहे. त्याला त्या गोष्टींत केवळ भाबडेपणा किंवा ज्यूलियसचा स्वार्थ दिसतो. त्याची पत्नी ॲनी हिला मात्र त्यांतील गुलामगिरीचे दुःख ऐकू येते. ‘वास्तववादी’ निवेदक वास्तव पाहू शकत नाही आणि अद्भुत भासणारी कथा ते सांगून जाते, अशी ही उलटापालट आहे. हॉवेल्सने १९०० मध्ये चेस्नटच्या कथांचे मनःपूर्वक स्वागत केले. पण उत्तर कॅरोलायनातील विल्मिंग्टन येथे १८९८ मध्ये झालेल्या वांशिक हिंसाचारावर आधारलेली ‘द मॅरो ऑफ ट्रॅडिशन’ (१९०१) ही कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा तिचे सामर्थ्य आणि न्याय्य बाजू मान्य करूनही ती त्याला कडवट वाटली. सत्य सांगण्याचा आग्रह धरणाऱ्या समीक्षकाने सत्याच्या स्वरावर आक्षेप घ्यावा, यात त्या काळच्या वास्तववादाची सीमारेषा स्पष्ट होते. साक्ष हवी होती. पण ती ऐकणाऱ्याला सोसवेल अशा आवाजात.

शतकाच्या अखेरच्या दशकात नवी पिढी ही सीमा दुसऱ्या बाजूंनी ओलांडू लागली. हॅम्लिन गार्लंडच्या ‘मेन-ट्रॅव्हल्ड रोड्स’ (१८९१) मध्ये पश्चिमेकडील शेतकऱ्याचे कष्ट आले. स्टीफन क्रेनच्या ‘मॅगी’ (१८९३) मध्ये न्यूयॉर्कची झोपडवस्ती. केट शोपेनच्या ‘द अवेकनिंग’ (१८९९) मध्ये विवाहितेचे स्वत्व. थिओडोर ड्रायझरच्या ‘सिस्टर कॅरी’ (१९००) मध्ये महानगराची निर्दय ओढ. फ्रँक नॉरिसने १९०१ मधील एका लेखात हॉवेल्सप्रणीत वास्तववाद फुटलेल्या चहाच्या पेल्याच्या शोकांतिकेत अडकतो, अशी टीका करून प्रबळ रोमान्सचा पुरस्कार केला. ज्याला निसर्गवाद म्हटले जाते, तो या असमाधानातून वाढला. तरीही ‘मॅगी’ची पहिली आवृत्ती क्रेनला टोपणनावाने आणि स्वखर्चाने छापावी लागली असताना तिचे मोल ओळखणाऱ्या मोजक्या वाचकांत हॉवेल्स होता, हे विसरता येत नाही.

६

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, अमेरिकन साहित्यातील वास्तववादाचा उदय ही प्रामुख्याने साक्षीच्या पुनर्वाटपाची प्रक्रिया होती. सत्य सांगण्याचा अधिकार रोमान्सकाराच्या कल्पकतेकडून धंदेवाईक माणसाकडे, पाहणाऱ्या मनाकडे, अशिक्षित मुलाकडे आणि क्वचित पूर्वीच्या गुलामाकडे सरकला. तंत्रातील बदल, म्हणजे बोलीचे निवेदन, मर्यादित दृष्टिकोन, घटनेपेक्षा स्वभावाला महत्त्व, हे या सरकण्याचे परिणाम होत. ही प्रक्रिया अपूर्ण राहिली. ‘हकलबेरी फिन’मध्ये जिमचे शब्द आपल्यापर्यंत हकच्या मुखातूनच येतात. हकच्या आवाजामागे कृष्णवर्णीय बोलणाऱ्यांचे संस्कार आहेत, असे शेली फिशर फिश्किन यांनी १९९३ मध्ये मांडले. त्यामुळे हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा झाला आहे.

अभ्यासकाच्या आणि अध्यापकाच्या दृष्टीने यातून एक कसोटी हाती लागते. एखाद्या कलाकृतीला वास्तववादी म्हणण्यापूर्वी तिच्यातील तपशील खरे आहेत की नाहीत एवढे तपासून भागत नाही. त्या तपशिलांची ग्वाही कोण देतो, कोणाच्या भाषेत देतो आणि कोणाला त्या साक्षीतून वगळले आहे, हेही पाहावे लागते. तपशिलांनी खच्चून भरलेली कादंबरी या कसोटीवर उणी ठरू शकते, आणि जादूटोण्याची गोष्ट सांगणारा ज्यूलियस वास्तवाचा अधिक विश्वासू साक्षीदार ठरू शकतो.